पंचवीस वर्षांचं पॅनल आणि चालू वर्षाचा नियम

घरावर सोलर बसवावं का, हा विषय हल्ली लग्नाच्या पंगतीतही निघतो. तीन किलोवॅटला किती पडले, सबसिडी जमा झाली का, बिल खरंच शून्य येतं का, माकडं पॅनल फोडत नाहीत ना. ज्याच्या घरावर आधीच बसलंय तो या सगळ्याची उत्तरं देतो आणि ती बहुधा बरोबर असतात. मात्र या हिशेबातली एक गोष्ट कुणी धरत नाही, कारण ती विचारणाऱ्याच्या हातात नसते आणि सांगणाऱ्याच्याही नसते. आज ज्या नियमाने बिल शून्य येतंय, तो नियम किती वर्षं टिकणार?

माझं म्हणणं सरळ आहे. घरावर पॅनल बसवणाऱ्या कुटुंबाला सरकारने मोठं अनुदान देऊ केलंय. त्या कुटुंबाला खरी गरज आहे ती नियम न बदलण्याच्या हमीची. अनुदान थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण हमी हवी.

आधी अनुदानाचं बघू. ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांचं उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटींची तरतूद. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८ हजार. पैसे थेट खात्यात येतात, भारतीय बनावटीच्या सेलचेच पॅनल लागतात, पुरवठादाराने पाच वर्षं देखभाल करायची असते. योजना चांगली आहे. तिच्यामुळे बंगल्यांच्या कॉलन्यांपासून तालुक्याच्या गावातल्या दोन मजली घरांपर्यंत गच्च्यांचं रूप पालटलं. कुरडया-पापडांच्या वाळवणाला जागा उरली नाही, अशी आमच्या घरातली कुरकुर सोडली तर माझी योजनेविषयी तक्रार नाही.

आता एका साध्या घराचा हिशेब करू. महिन्याला ३०० युनिट वीज लागणारं, महावितरणचं ग्राहक असलेलं घर. २०२४-२५ या वर्षी वहन आकार (तारांतून वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) धरून पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये ८८ पैसे आणि १०१ ते ३०० या टप्प्याला ११ रुपये ४६ पैसे दर होता. म्हणजे विजेचे झाले २,८८० रुपये. त्यावर १६ टक्के विद्युत शुल्क आणि शिवाय स्थिर आकार, जो वापर कितीही असला तरी दर महिन्याला लागतो. तीन किलोवॅटचा संच आपल्याकडे पावसाळा धरून महिन्याला सरासरी ३३० युनिट देतो असं समजू. नेट मीटरिंगमध्ये दिवसा ग्रीडला, म्हणजे कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, दिलेली वीज रात्री घेतलेल्या विजेतून वजा होते, युनिटाला युनिट. म्हणून हे घर स्थिर आकारावर येतं आणि शुल्कासह वर्षाला ४० हजारांच्या आसपास वाचवतं. अनुदान वजा जाता खिशातून सव्वा लाख गेले असतील, तर तीन-सव्वातीन वर्षांत ते वसूल. एजन्सीचा माणूस कागदावर हेच मांडतो आणि त्यात खोटं काही नाही.

आता नियमात एकच ओळ बदला. दिवसा तयार झालेली वीज फक्त दिवसाच्या वापरातूनच वजा होईल, रात्रीच्या नाही. नवरा-बायको नोकरीला, मुलं शाळेत, अशा घरात साठ टक्के वापर संध्याकाळनंतरचा असतो. म्हणजे रात्रीची १८० युनिटं पूर्ण दराने विकत घ्यावी लागतील. शुल्क धरून वर्षाला सुमारे २१ हजार. दिवसाची उरलेली युनिटं ३१ मार्चला कंपनी विकत घेईल, पण आपण मोजतो त्या दराने नाही. त्यांना तीन रुपये मिळाले असं उदार मनाने धरलं, तरी या घराचा तोटा वर्षाला १४ हजारांच्या पुढे जातो. सहा वर्षांच्या आत ७८ हजारांचं अनुदान त्या एका ओळीने परत घेतलेलं असेल. आणि पॅनल पंचवीस वर्षांचं आहे.

हे काल्पनिक भय नाही. २०२५च्या सुरुवातीला महावितरणचा बहुवार्षिक दरप्रस्ताव महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे आला. सौर तासांतली, म्हणजे दिवसा उन्हाच्या वेळेतली, वीज सौर तासांशीच जुळवायची, या त्यातल्या दिशेवरून छतधारकांनी हरकतींचा पाऊस पाडला. त्याआधी २०१९च्या मसुद्यात नेट मीटरिंगला मर्यादा घालून नेट बिलिंग आणायचा विचार झाला होता. त्या पद्धतीत तुम्ही दिलेल्या विजेला एक भाव आणि घेतलेल्या विजेला दुसरा. तेव्हाही ओरड झाली आणि वर्षअखेरीच्या अंतिम नियमांत नेट मीटरिंग वाचलं. मात्र त्याच नियमांच्या पोटात ग्रीड सपोर्ट आकार आला, म्हणजे ग्रीडचा आधार घेण्याबद्दल छतधारकाने भरायचे पैसे. राज्यातली छतांवरची एकूण क्षमता ५,००० मेगावॅट होईपर्यंत तो लावायचा नाही असं ठरलं. दहा किलोवॅटपर्यंत मंजूर भार असलेल्यांना सूट आहे, म्हणून घरगुती ग्राहकाने त्याची फार चिंता केली नाही. पण सूट ही नियमाने दिलेली असते आणि नियमाने जाते.

केंद्राची गंमत वेगळीच. डिसेंबर २०२० मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम निघाले. नाव हक्कांचं, आणि त्यात दहा किलोवॅटच्या वरच्या ग्राहकाला नेट मीटरिंग नाही असं लिहून टाकलेलं. सहा महिन्यांनी, जून २०२१ मध्ये, दुरुस्ती आली आणि मर्यादा ५०० किलोवॅट झाली. मधल्या काळात ज्या सोसायट्यांनी आणि छोट्या कारखान्यांनी दरपत्रकं मागवून ठेवली होती, त्यांचं काय झालं असेल याची कल्पना करता येते.

इथे महावितरणची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे, कारण ती खोटी नाही. छतधारक मंडळी ती ऐकायलाच तयार नसतात. ‘आम्ही वीज देतो, ती रात्री परत घेतो, यात तुमचं काय जातं?’ असा एकूण सूर असतो. जातं ते असं. दुपारी बारा वाजता राज्यात विजेची चणचण नसते. मोठे सौर प्रकल्प, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतले गावोगावचे प्रकल्प आणि आपली छतं, सगळे एकाच वेळी वीज ओतत असतात. संध्याकाळी सात वाजता मात्र सूर्य नसतो. दिवे, टीव्ही, पंखे, एसी, मिक्सर एकदम सुरू होतात आणि कंपनीला औष्णिक, जल किंवा बाजारातली महाग वीज उभी करावी लागते. दुपारचं युनिट आणि संध्याकाळचं युनिट मीटरला सारखंच दिसतं, पण ते आणायचा खर्च सारखा नसतो. नेट मीटरिंग ही दोन्ही युनिटं एकाच भावाची मानते आणि फरकाचे पैसे कुणीतरी भरतं.

तो ‘कुणीतरी’ कोण, हे बघितलं की विषय अवघड होतो. आपल्याकडे वरच्या टप्प्यांतला घरगुती ग्राहक, दुकानदार आणि कारखानदार जास्त दर भरतात आणि त्यातून शेतीपंपाला नि कमी वापराच्या घरांना वीज स्वस्त मिळते. २०२४-२५ मध्येच ५०० युनिटांच्या वरचा दर वहन आकारासह १७ रुपये ८१ पैसे होता. इतका दर भरणारा माणूस सोलर न बसवेल तर नवल. पण तो बसवतो तेव्हा सगळ्यात जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक जातं. तारा, खांब, रोहित्रं, लाइनमनचा पगार, हे सगळं तसंच राहतं. त्याची वाटणी उरलेल्यांत होते. उरलेल्यांत भाड्याच्या खोलीत राहणारा आहे, झोपडीतला आहे, पत्र्याच्या चाळीतला आहे. ज्याला स्वतःची गच्ची नाही असा प्रत्येक जण आहे. बंगलेवाल्याचं बिल शून्य होण्याचा थोडा भार त्याच्याकडे सरकतो, हे मान्य न करता नेट मीटरिंगचा कैवार घेणं मला अप्रामाणिक वाटतं.

मग कंपनीने नियम बदलावेत का? नव्यांसाठी, आधी तारीख जाहीर करून, खुशाल बदलावेत. पाच वर्षांनी पॅनल बसवणाऱ्याला सांगा की बाबा, दुपारच्या युनिटाला हा भाव आणि संध्याकाळच्या युनिटाला हा. तो बॅटरीसह हिशेब करेल, जमलं तर बसवेल, नाही तर नाही बसवणार. पण ज्याने आजच्या नियमावर विसंबून, बँकेचं कर्ज काढून, बायकोच्या नावावरची एफडी मोडून संच बसवलाय, त्याच्या पायाखालचा नियम काढून घेऊ नये. नेट मीटर बसल्याच्या तारखेपासून वीस वर्षं त्या ग्राहकाला त्या तारखेचीच पद्धत लागू राहील, असं विनियमात स्पष्ट लिहावं. नेट मीटरिंगच्या करारावर सह्या दोघांच्या असतात, पण आयोगाचा नियम बदलला की करार त्याच्यामागे फरपटत जातो. त्याला करार म्हणायचं ते एका बाजूपुरतंच.

अशी हमी देणं व्यवहार्य नाही असं कुणी म्हणालं, तर शेजारच्याच माळरानावर बघावं. तिथे मेगावॅटमध्ये सौर प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीशी वीजखरेदीचा करार पंचवीस वर्षांचा असतो. दर सुरुवातीलाच ठरलेला. मध्येच सरकारने कर वाढवला किंवा कायदा बदलला तर त्याची भरपाई मागायचं कलमही त्यात असतं. हे सगळं नसेल तर बँक त्या कंपनीला कर्जच देणार नाही, आणि हे सगळ्यांना पटतं. मग एकट्या कुटुंबाने घातलेल्या सव्वा लाखाला तोच न्याय का नको? मोठ्या भांडवलाला अनिश्चितता परवडत नाही आणि पेन्शनरला परवडते, असं तर कुणाचं म्हणणं नसावं.

याची परीक्षा दुसरीकडे होऊन गेली आहे. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या आयोगाने डिसेंबर २०१५ मध्ये छतधारकांचा स्थिर आकार वाढवला, दिलेल्या विजेचा भाव कमी केला, आणि हे जुन्या ग्राहकांनाही लावलं. लोक रस्त्यावर आले, संच बसवणाऱ्या बड्या कंपन्यांनी तिथलं नवं काम थांबवलं, माणसांच्या नोकऱ्या गेल्या. वर्षाच्या आत आयोगाला मागे यावं लागलं आणि जुन्या ग्राहकांना जुने नियम वीस वर्षांसाठी परत द्यावे लागले. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या छतांना मिळणारा भाव बराच खाली आणला. तिथेही आरडाओरडा झाला, नव्या संचांची मागणीही घसरली. पण आधी बसवलेल्यांचे वीस वर्षांचे नियम त्या निर्णयात तसेच ठेवले होते. बदल दोन्हीकडे कडक होता. एका ठिकाणी लोकांचा विश्वास गेला, दुसऱ्या ठिकाणी नव्यांनी बॅटऱ्यांचा विचार सुरू केला. आपल्या आयोगाला यातलं कुठलं उदाहरण जवळचं वाटावं हे सांगायला नको.

या हमीच्या बदल्यात छतधारकाने काय द्यावं? मला वाटतं, तारांचं भाडं. ‘बिल शून्य’ ही जाहिरात बंद व्हावी. ज्या घराला ग्रीड रात्रभर वीज पुरवतं, पावसाळ्यात दिवसचे दिवस पुरवतं, दुपारची जास्तीची वीज विनातक्रार घेतं, त्या घराने किलोवॅटमागे ठरावीक रक्कम महिन्याला द्यायला हरकत नसावी. ती आधीच सांगितलेली असावी आणि वीस वर्षांच्या हमीत बांधलेली असावी. वर्षाला दोन-तीन हजार जाणार हे पहिल्या दिवशी माहीत असलेलं घर तक्रार करणार नाही. शून्याचं आमिष दाखवून मग आकार लावलेलं घर मात्र आयुष्यभर फसवल्याची भावना बाळगेल.

ग्रीडवर आपण किती अवलंबून आहोत, हे बहुतेकांना पहिल्यांदा कळतं ते वीज गेल्यावर. टळटळीत दुपार, गच्चीवर तीन किलोवॅट, आणि घरात पंखा बंद. इन्व्हर्टर बिघडला म्हणून एजन्सीला फोन जातो. बिघडलेलं काही नसतं. ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रीड बंद पडताच स्वतःही बंद होतो; नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसेल. वीज गेल्यावरही घर चालवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते आणि खर्च बराच वाढतो. हे विकणारा सांगत नाही, कारण विचारलं जात नाही. ग्रामीण भागात, जिथे वीज जाणं रोजचं आहे, तिथे हे आधी सांगणं सक्तीचं करायला हवं.

छतधारकाकडून दुसरी अपेक्षा वापराच्या वेळेची. धुण्याचं मशीन, पाण्याची मोटर, गिझर, इस्त्री, घरघंटी, ही कामं नऊ ते पाचमध्ये झाली तर संध्याकाळचा ताण खरंच कमी होतो. वेळेनुसार वीज मोजणाऱ्या नव्या टीओडी (टाइम ऑफ डे) मीटरवर घरगुती ग्राहकाला जुलै २०२५ पासून या वेळेतल्या विजेला सवलत मिळू लागली, ती याचसाठी. कल्पना चांगली आहे, पण ती राबवणार कोण? दुपारी घरात असलेलं माणूस म्हणजे बहुतेक घरांत बाई. तिच्या दुपारच्या वामकुक्षीवर राज्याच्या वीजव्यवस्थेचा तोल सांभाळायचा असेल, तर किमान तिला विचारून. मशीनला टायमर असतो, मोटरला टायमर बसवता येतो. त्यापुढे मी जाणार नाही.

नियमांच्या हमीचा प्रश्न फक्त बंगलेवाल्यांचा नाही, हेही बघा. राज्य सरकारने गरीब आणि १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी केंद्राच्या अनुदानावर आपली भर घालणारी योजना आणली आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॅट अगदी थोड्या पैशात मिळावं असा तिचा बेत आहे. हेतू उत्तम. पण ज्या घराचा दरच मुळात सहा रुपयांच्या आत आहे, त्याची बचत लहान, आणि नियमातला छोटा बदलही ती पुसून टाकेल. गोव्यातल्या नातेवाइकांना आपल्याइतकी सोलरची घाई नसते, त्याचंही कारण हेच. तिथे घरगुती दर आपल्यापेक्षा पुष्कळ कमी आहेत. फ्लॅटमधल्यांची कथा आणखी निराळी. गच्ची सोसायटीची, अभिहस्तांतरण (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं नाही, वरच्या मजल्याला गळतीची भीती, आणि सर्वसाधारण सभेत एक जण तरी ‘आमच्या वाट्याचं काय?’ म्हणणारा. सोसायटीच्या लिफ्ट, पंप आणि दिव्यांसाठी किलोवॅटला १८ हजारांचं अनुदान आहे. एका संचाची वीज अनेक सदनिकांच्या बिलात वाटून देणारं आभासी नेट मीटरिंगही केंद्राच्या योजनेत बसतं. दिल्लीने त्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्येच काढली होती. भाड्याने राहणाऱ्याला किंवा चाळीतल्याला सोलरचा वाटा द्यायचा तर रस्ता तोच आहे, आणि त्या रस्त्यावर तर हमी आणखी जास्त लागेल. स्वतःच्या गच्चीवर नसलेल्या पॅनलसाठी कुणी पैसे का घालेल, जर ती वीज बिलात कशी मोजली जाणार हेच पुढच्या वर्षी बदलणार असेल?

माझ्यावर एक आक्षेप येईल, की वीस वर्षं नियम गोठवले तर आजचे लवकर बसवणारे कायमचे फायद्यात राहतील आणि त्यांचा भार पुढच्या पिढीच्या बिलावर येईल. यात तथ्य आहे. म्हणून तारांचं भाडं हमीच्या आतच हवं, आणि म्हणून हमी घरगुती वापराच्या मापाच्या संचांपुरतीच असावी. तीनशे युनिट लागणाऱ्या घरावर कुणी दहा किलोवॅट टाकून वीज विकायचा धंदा करत असेल, तर त्याने धंद्याची जोखीम घ्यावी. त्याला कुटुंब म्हणून संरक्षण मागायचा हक्क नाही.

नियामक आयोगाच्या सुनावण्या लोकांसाठी खुल्या असतात. दरप्रस्तावावर किंवा विनियमांच्या मसुद्यावर सूचना-हरकती मागवल्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. मुदत थोडी असते आणि छपाई बारीक. हरकत मराठीत लिहिता येते, स्वतः उभं राहून मांडता येते, त्यासाठी वकील लागत नाही. आतापर्यंत तिथे ग्राहक संघटना आणि सोलर बसवणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनाच किल्ला लढवत आल्या. ज्यांच्या गच्चीवर पॅनल आहे ती घरं आता राज्यात लाखांनी मोजावी लागतात. त्यातल्या थोड्यांनी जरी पुढच्या वेळी एकच मागणी लिहून दिली, की नेट मीटरच्या तारखेचा नियम वीस वर्षं लागू ठेवा आणि त्याचं भाडं आजच सांगा, तर आयोगाला त्या मागणीवर आदेशात कारणांसह उत्तर लिहावं लागेल.